चारचौघांचं भांडण : अमेरिकी स्ट्रिंग क्वार्टेट ऐकताना

 

आज मी अमेरिकी संगीतकारांच्या स्ट्रिंग क्वार्टेटविषयी बोलणार आहे. विषय जरा लांबचा वाटेल. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत म्हटलं की आपल्याला बेटोव्हन, मोझार्ट आठवतात, आणि अमेरिका म्हटलं की जॅझ, रॉक, हॉलिवूड. अमेरिकी माणसाने चार तंतुवाद्यांसाठी लिहिलेलं संगीत मुद्दाम कशाला ऐकायचं? मी ते ऐकत राहिलो, त्याचं कारण एक प्रश्न आहे. चारचौघांचं एकमत होत नसेल, तर त्यांनी एकत्र वाजवायचं कसं? शंभर-सव्वाशे वर्षं अमेरिकी रचनाकार या एका प्रकारातून हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारत आले आहेत. आणि हा प्रश्न काही फक्त संगीताचा नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आधी ओळख करून घेऊ. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो. व्हिओला ही व्हायोलिनची थोरली बहीण समजा, अंगाने थोडी मोठी आणि आवाजाने खालची. चेलो त्याहून मोठा, तो गुडघ्यांच्या मध्ये धरून वाजवतात. चौघं अर्धवर्तुळात बसतात. समोर हातवारे करणारा कंडक्टर नसतो. आपल्या मैफलीत एक मुख्य कलाकार असतो आणि बाकीचे साथीला असतात. इथे साथीदार म्हणून वेगळा कोणी नाही. धून, ठेका, भरणा, सगळं चौघांनी आपसांत वाटून घ्यायचं. सुरुवात करायची तर एकमेकांच्या श्वासाकडे बघून.

अठराव्या शतकात ऑस्ट्रियात हायडनने या प्रकाराला रूप दिलं. पुढे १८२९ साली जर्मन कवी गटे याने एका मित्राला पत्रात लिहिलं की क्वार्टेट ऐकताना चार समजूतदार माणसं आपसांत बोलताहेत असं वाटतं. ही कल्पना युरोपात चांगलीच रुजली. दिवाणखाना, चार सुसंस्कृत माणसं, एकाने मुद्दा मांडायचा, दुसऱ्याने तो पुढे न्यायचा, आणि शेवटी सगळ्यांनी एका सुरावर यायचं.

अमेरिकेत हा प्रकार पोचला तो पाहुण्यासारखा. १८९३ च्या उन्हाळ्यात ड्वोर्झाक हा चेक संगीतकार आयोवा राज्यातल्या स्पिलव्हिल नावाच्या लहान गावात राहायला गेला. हे चेक लोकांची वस्ती असलेलं गाव. तिथे त्याने तीन दिवसांत एका क्वार्टेटचा आराखडा केला आणि दोन आठवड्यांच्या आसपास तो पुरा केला. हा क्वार्टेट आज ‘अमेरिकन’ या नावानेच ओळखला जातो. त्यात तिथल्या एका पक्ष्याची लकेरही आहे. १ जानेवारी १८९४ रोजी बॉस्टनमध्ये क्नायझेल क्वार्टेट या मंडळींनी तो पहिल्यांदा वाजवला. सुंदर, मोकळं, उन्हातलं संगीत आहे. पण ते अमेरिकेत पाहुणा म्हणून आलेल्या माणसाचं आहे, आणि पाहुणा सहसा यजमानाच्या घरात भांडण काढत नाही.

भांडण काढलं ते घरच्या माणसाने. त्याचं नाव चार्ल्स आइव्ह्ज. कनेटिकट राज्यातल्या डॅनबरी गावचा. वडील बँडमास्तर. आइव्ह्ज येल विद्यापीठात संगीत शिकला, पण पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये विम्याच्या धंद्यात पडला आणि तिथे उत्तम चालला. दिवसा विमा, आणि संध्याकाळी व सुट्टीच्या दिवशी संगीत. आपलं संगीत लोकांना आवडावं, त्यावर घर चालावं, अशी गरजच नव्हती. म्हणून त्याला वाटेल ते लिहिता आलं.

आइव्ह्जने पुढे आपल्या आठवणींत लिहिलं आहे की क्नायझेल क्वार्टेटचा एक कार्यक्रम ऐकून तो वैतागला. सगळं गोड गोड, नाजूक. म्हणून थोडं रागाने आणि थोडं गमतीने त्याने स्वतःचा दुसरा क्वार्टेट लिहायला घेतला. तो साधारण १९०७ ते १९१३ या काळातला. त्याचे तीन भाग आहेत. पहिल्याचं नाव ‘चर्चा’, दुसऱ्याचं ‘वाद’ आणि तिसऱ्याचं ‘डोंगरांची हाक’. हस्तलिखितावर त्याने कथाच लिहून ठेवली आहे. चार पुरुष गप्पा मारतात, राजकारणावर वाद घालतात, भांडतात, हात मिळवतात, गप्प होतात, आणि मग डोंगर चढून आकाश बघायला जातात.

आता हे ऐकायला कसं वाटतं? पहिल्या भागात उत्तर आणि दक्षिण अमेरिकेची गाणी एकमेकांवर आदळतात. अमेरिकी यादवी युद्धाला तेव्हा जेमतेम पन्नास वर्षं होत होती. राजकारणावरचा वाद म्हणजे कुठल्या जखमेबद्दलचा वाद, हे त्या श्रोत्यांना सांगावं लागलं नसतं. दुसऱ्या भागात दुसऱ्या व्हायोलिनला आइव्ह्जने रोलो असं नाव दिलं. हा रोलो म्हणजे सभ्य, घाबरट गृहस्थ. इतर तिघं आरडाओरडा करत असताना हा मध्येच गोड तान घेऊ पाहतो, आणि बाकीचे त्याला बोलू देत नाहीत. तुमच्या-माझ्या ओळखीत असा एखादा रोलो असतोच.

तिसरा भाग मात्र वेगळा. डोंगरावर गेल्यावर चौघांचं एकमत झालेलं नाही. प्रत्येक जण आपल्याच लयीत आहे. चेलो खालच्या सुरांच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा उतरतो आहे, वर व्हायोलिन प्रार्थनेसारखं काहीतरी गात आहेत. पण आता कोणी कोणाला दाबत नाही. हा भाग ऐकताना मला नेहमी वाटतं की आइव्ह्जला भांडण मिटवायचं नव्हतं, त्याला ते मोठ्या आभाळाखाली नेऊन ठेवायचं होतं. हा क्वार्टेट जाहीरपणे वाजवला गेला १९४६ साली. म्हणजे लिहून झाल्यावर तीस वर्षांहून जास्त काळ कागदावरच.

इथे एक गोष्ट लक्षात घेऊ. आइव्ह्जच्या गोष्टीतले चौघंही पुरुष आहेत, आणि ते तो मुद्दाम लिहितो. हळव्या, गोड संगीताला तो सरळ बायकी म्हणून हिणवतो. दिवाणखान्याचं दार त्याने उघडलं खरं, पण आत कोणाला घ्यायचं हे त्याने ठरवूनच ठेवलं होतं.

ज्या क्वार्टेटने वादाची ही कल्पना सगळ्यात नेमकेपणाने वाजवून दाखवली, तो एका स्त्रीने लिहिला. रुथ क्रॉफर्ड. संगीत रचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळवणारी ती पहिली स्त्री. त्या शिष्यवृत्तीवर ती बर्लिनला गेली आणि १९३१ साली तिने हा क्वार्टेट लिहिला. सगळा मिळून जेमतेम बारा मिनिटांचा. पण त्यातले शेवटचे दोन भाग मी सांगतो तसे ऐका.

तिसऱ्या भागात चौघं फक्त लांबलचक सूर धरून बसतात. धून अशी नाहीच. प्रत्येकाचा आवाज हळूहळू चढतो आणि उतरतो, पण सगळ्यांचा एकाच वेळी नाही. एकाचा चढत असताना दुसऱ्याचा उतरत असतो. त्या क्षणी ज्याचा आवाज वर आलेला असतो, त्याचा सूर आपल्याला ऐकू येतो, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. असे एकामागोमाग वर येणारे सूर जोडले की त्यांची धून होते. ती धून एकट्या कोणाच्याच कागदावर नाही. चौघांनी आळीपाळीने आवाज खाली घेतला, म्हणून ती तयार झाली.

चौथा भाग याच्या अगदी उलट. एका बाजूला पहिलं व्हायोलिन, दुसऱ्या बाजूला उरलेले तिघं एकजुटीने. व्हायोलिन आधी एकच सूर वाजवतं. तिघं वीस सुरांचं लांब वाक्य बोलतात. मग व्हायोलिन दोन सूर, तिघं एकोणीस. मग तीन आणि अठरा. असं करत करत एकटीचं बोलणं वाढत जातं आणि तिघांचं आखडत जातं. मध्यावर पोचल्यावर सगळं आरशात दिसावं तसं उलटं फिरतं, फक्त अर्धा सूर वर चढून. गणित इतकं साधं की पोरालाही कळावं. पण ऐकताना गणित जाणवत नाही. एक बाई आणि समोर तिघं, आणि ती प्रत्येक वेळी एक शब्द जास्त बोलते आहे, असं जाणवतं.

पुढे काय झालं तेही सांगितलं पाहिजे. १९३२ साली तिने संगीततज्ज्ञ चार्ल्स सीगरशी लग्न केलं. मंदीचे दिवस, घरात मुलं. गायक पीट सीगर हा तिचा सावत्र मुलगा. माइक आणि पेगी ही तिची स्वतःची मुलं, तीही पुढे लोकगीतांत नावाजली. स्वतःची रचना जवळजवळ थांबली. तिने अमेरिकी लोकगीतं ध्वनिमुद्रणांवरून कागदावर उतरवण्याचं प्रचंड काम केलं, मुलांसाठी लोकगीतांची पुस्तकं काढली. ते काम थोर आहेच. पन्नाशीत तिने पुन्हा रचनेला हात घातला, आणि १९५३ साली कर्करोगाने ती गेली. या बारा मिनिटांच्या क्वार्टेटच्या पुढचा क्वार्टेट तिच्याकडून आलाच नाही.

त्याच १९५३ साली शिकागोत आणखी एक स्त्री वारली. फ्लोरेन्स प्राइस. जन्म १८८७ चा, आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकचा. कृष्णवर्णीय. बॉस्टनला शिकून आलेली. १९३३ साली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने तिची सिम्फनी वाजवली. देशातल्या मोठ्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी वाजवण्याची ही पहिलीच वेळ. दहा वर्षांनी बॉस्टनच्या एका बड्या कंडक्टरला तिने पत्र लिहिलं, त्यात सरळ सांगितलं की माझ्यात दोन अडचणी आहेत, मी बाई आहे आणि माझ्या अंगात काळ्यांचं रक्त आहे. माझ्या संगीताची पारख फक्त संगीत म्हणून करा, एवढंच तिचं मागणं होतं.

तिचा ए मायनरमधला क्वार्टेट १९३५ चा. त्याच्या तिसऱ्या भागाचं नाव ‘जुबा’. जुबा हा गुलामगिरीतल्या लोकांचा नाच. मळ्यांवर मालकांनी ढोल काढून घेतले, तेव्हा लोकांनी स्वतःच्या मांड्या, छाती, टाळ्या आणि पाय यांवर ठेका धरला. अंग हेच वाद्य. प्राइस हा नाच क्वार्टेटमध्ये आणते. युरोपच्या परंपरेप्रमाणे जिथे दरबारी नाचाच्या चालीची जागा असायची, तिथे आता मळ्यावरचा नाच उभा आहे. चेलोच्या तारा बोटांनी छेडून ठेका धरला जातो आणि वर व्हायोलिन उड्या मारतं. तिने भांडण केलं नाही. दिवाणखान्यातली एक खुर्ची ओढली आणि ती बसली.

तिचा मोठा ठेवा २००९ साली सापडला. शिकागोबाहेर सेंट अ‍ॅन नावाच्या गावात एक ओसाड पडलेलं घर होतं, तिथे ती कधीकाळी उन्हाळ्यात राहायची. त्या घरात कागदांच्या राशी मिळाल्या, आणि त्यांत तिच्या हातच्या रचना. एखाद्या देशाचं संगीत कोणतं, हे कधी कधी छपराला किती भोकं आहेत त्यावरही ठरतं.

आता थोडं भराभर पुढे जातो. सॅम्युअल बार्बरचा १९३६ चा क्वार्टेट. त्याचा संथ भाग तुम्ही बहुतेक ऐकलेला आहे. तोच पुढे मोठ्या वाद्यवृंदासाठी बदलून ‘अडॅजिओ फॉर स्ट्रिंग्ज’ म्हणून जगभर गेला, ‘प्लॅटून’ सिनेमातही आहे. माझा आग्रह एवढाच की तो एकदा मूळ रूपात, फक्त चौघांच्या हातून ऐका. शंभर जणांचा शोक आणि चार जणांचा शोक यांत फरक आहे. चौघांत प्रत्येकाचा हुंदका वेगळा ऐकू येतो.

मग एलियट कार्टर. शाळकरी वयात तो आइव्ह्जच्या ओळखीचा होता, आणि हार्वर्डसाठी त्याची शिफारस आइव्ह्जनेच केली होती. आइव्ह्जचं भांडण कार्टरने नाटकापर्यंत नेलं. १९५९ च्या दुसऱ्या क्वार्टेटमध्ये त्याने चौघांना चार स्वभाव दिले. पहिलं व्हायोलिन कल्पक, लहरी, नटवं. दुसरं व्हायोलिन मोजकं बोलणारं, शिस्तीचं. व्हिओला हळवी, कण्हणारी. चेलो उतावळा. वादकांनी एकमेकांपासून अंतर ठेवून बसावं अशीही सूचना केली. मग काय होतं पाहा. व्हिओला एकटी आपलं दुःख सांगायला लागते, आणि बाकीचे तिघं राग किंवा थट्टा वाटावी असे फटकारे मारतात. चेलो मोकळेपणाने वाहायला लागतो, तर इतर कडक ताल धरून त्याला आवळतात. शेवटी पहिलं व्हायोलिन आपल्या तंद्रीत बोलत सुटतं, आणि त्याला उत्तर म्हणून मिळते शांतता. एकत्र कुटुंबात वाढलेल्या माणसाला या तिन्ही शिक्षा चांगल्या माहीत असतात. कार्टरला या क्वार्टेटसाठी पुलित्झर पारितोषिक मिळालं.

आता १९७०. व्हिएतनाम युद्ध चालू आहे. जॉर्ज क्रम्ब ‘ब्लॅक एंजल्स’ लिहितो. हस्तलिखितावर त्याने लॅटिनमध्ये युद्धकाळात असं लिहिलं आणि तारीख टाकली, शुक्रवार, १३ मार्च. रचनाही तेरा आणि सात या आकड्यांवर बांधलेली. वाद्यांचा आवाज विजेवर वाढवलेला. सुरुवातीलाच विजेच्या किड्यांचा थवा अंगावर यावा असा आवाज येतो. वादक कुजबुजतात, ओरडतात, वेगवेगळ्या भाषांत आकडे मोजतात, बोटांत शिवणकामाचं टोपण घालून वाजवतात. एका ठिकाणी तिघं पाण्याने भरलेल्या काचेच्या प्याल्यांच्या कडांवर गज फिरवतात, आणि त्या थरथरत्या सुरांवर चेलो एकटा गातो. मध्येच शुबर्टची एक जुनी मृत्यूची धून येते, दुरून, थडग्यातून यावी तशी. चार समजूतदार माणसांच्या संभाषणात बाहेरचं जग घुसलं, तर ते असं वाजेल.

१९७३ मध्ये डेव्हिड हॅरिंग्टन नावाच्या तरुण व्हायोलिनवादकाने ही रचना रेडिओवर ऐकली आणि ती वाजवता यावी म्हणून सिअ‍ॅटलमध्ये क्रोनोस क्वार्टेट सुरू केला. पुढच्या पन्नास वर्षांत या मंडळींनी शेकडो नवे क्वार्टेट लिहवून घेतले. त्यांपैकी दोघांच्या रचना आपल्याला जवळच्या आहेत.

पहिला टेरी रायली. १९७० पासून तो पंडित प्राणनाथांचा शिष्य होता. प्राणनाथ किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शागीर्द. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहिले, ज्यातून सवाई गंधर्व आणि भीमसेनजी आले, त्याच घराण्याची एक वाट कॅलिफोर्नियात पोचली. रायली तेव्हा बरीच वर्षं जागच्या जागी सुचेल ते वाजवायचा. संगीत कागदावर लिहिणं त्याने जवळजवळ सोडलं होतं. हॅरिंग्टनने पाठपुरावा करून त्याला पुन्हा लिहायला लावलं. त्याच्या क्वार्टेटमध्ये तुम्हाला अमुक राग सापडेल या आशेने ऐकू नका. सापडेल ती सुरावर थांबण्याची सवय. एका सुराकडे पुन्हा पुन्हा यायचं, घाई न करता. किराण्याची ही शिकवण चार पाश्चात्त्य वाद्यांतून ऐकू येते.

दुसरा स्टीव्ह राइश. १९८८ ची त्याची रचना ‘डिफरंट ट्रेन्स’. लहानपणी त्याचे आईवडील विभक्त झाले होते, एक न्यूयॉर्कला, एक लॉस एंजेलिसला. १९३९ ते १९४२ या काळात तो सांभाळणाऱ्या बाईबरोबर आगगाडीने इकडून तिकडे जायचा. मोठेपणी त्याच्या मनात आलं की मी ज्यू. तीच वर्षं मी युरोपात काढली असती तर मला वेगळ्याच गाड्यांत बसावं लागलं असतं. मग त्याने त्या बाईचा आवाज, अमेरिकी रेल्वेतल्या एका निवृत्त कृष्णवर्णीय सेवकाचा आवाज आणि छळछावण्यांतून वाचलेल्यांचे आवाज जमवले.

त्या आवाजांचं त्याने जे केलं ते मराठी माणसाला चटकन कळेल. आपल्याकडे बोलण्याला हेल असतो. वऱ्हाडातला वेगळा, मालवणातला वेगळा, इंदूरच्या मराठीचा वेगळा, बेळगावचा तर आणखीनच वेगळा. शब्द कळण्याआधी हेलावरून माणूस ओळखू येतो. राइशने या माणसांच्या एकेका वाक्याचा हेल जसाच्या तसा सुरांत उतरवला. बाईचं वाक्य असेल तर व्हिओला त्याच हेलात बोलते, पुरुषाचं असेल तर चेलो. खाली रुळांची धडधड चालूच. क्वार्टेट इथे साक्षीदारांच्या मागे उभा राहतो आणि त्यांच्याच आवाजात पुन्हा बोलतो. ज्यांना चारचौघांत बोलायला मिळालं नाही, त्यांच्यासाठी चौघांनी जागा करून दिली आहे.

आता व्यवहाराचं. सुरुवात कुठून करायची? पहिल्या दिवशी प्राइसचा जुबा. चार-पाच मिनिटांचा आहे, पाय आपोआप हलतील. मग बार्बरचा संथ भाग. तिसऱ्या दिवशी राइश, सलग, मध्ये फोन न घेता. सत्तावीस-अठ्ठावीस मिनिटं लागतात. नंतर क्रॉफर्डचे शेवटचे दोन भाग, आणि चौथा भाग ऐकताना बोटांवर सूर मोजून बघा. त्यानंतर आइव्ह्ज. क्रम्ब दिवसाउजेडी ऐका, आणि घरात लहान मूल झोपलेलं असेल तर नकोच. कार्टर सगळ्यात शेवटी, आणि शक्य असेल तर व्हिडिओ पाहा. कोण कोणाकडे बघतंय आणि कोण मुद्दाम बघत नाहीये, हे डोळ्यांनी दिसलं की निम्मं कोडं सुटतं.

ऐकताना एकच करा. पहिल्यांदा पूर्ण ऐकून झालं की दुसऱ्यांदा फक्त एका वाद्याच्या मागे जा. शक्यतो दुसऱ्या व्हायोलिनच्या किंवा व्हिओलाच्या. ज्यांच्याकडे आपलं लक्ष जात नाही, त्यांच्या बाजूने अख्खा वाद ऐकायचा. रचना तीच असते, पण भांडण वेगळं ऐकू येतं. हे एकदा कानाला जमलं की घरातल्या जेवणाच्या टेबलावरही जमतं, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही यातलं काही ऐकलंत तर कळवा. आवडलं नाही तर तेही कळवा, वाद घालू. नमस्कार.